चोवीस व्होल्ट

टिमिन्स, जानेवारी, रात्रीचे सव्वानऊ,
बाहेर उणे सदतीस.
ओरिसिया ह्नाट्युकच्या तळघरात
भट्टीपुढे गुडघे टेकून मी,
दातांत टॉर्च, हातात मीटर.

जिन्यात ती उभी, नवऱ्याचा खाणीतला कोट घालून.
"पेटते गं, आणि विझते. पेटते, आणि विझते.
तीनदा. मग रुसून बसते."

रुसत नाही ती. तिची खात्री पटत नाही.

भिंतीवरचा थर्मोस्टॅट म्हणतो, थंडी आहे.
एवढंच.
आवाज चोवीस व्होल्टचा, कोरड्या बोटाला कळणारही नाही असा.
त्या हाकेवर आधी छोटा पंखा उठतो,
धुराची वाट झाडून घेतो.
रबरी नळीच्या टोकाशी एक पडदा ओढला जातो,
त्याचा स्विच म्हणतो, मोकळी आहे.
मग कांडी लाल होते.
आणि मगच व्हॉल्व्ह तोंड उघडतो.
मधल्या कुणी एकानं मान हलवली नाही
की सगळी पंगत उपाशी.

रेज्याँ लाकास, ज्याच्या व्हॅनमध्ये
तीन हिवाळे मी पाने वाहिले,
म्हणायचा, आधी घरची भाषा विसर.
इथे दार उघडं म्हणजे वाट बंद,
दार बंद म्हणजे वाट सुरू.
उघड्या स्विचच्या दोन टोकांत मीटर दाखवेल चोवीस,
मिटलेल्यावर शून्य.
शून्य आलं की पुढे सरक, पोरी.

मी शून्यांवरून पुढे सरकत गेले.

ज्योतीत एक बोटभर सळई उभी असते.
ज्योतीतूनही वीज चालते,
एकाच दिशेनं, मुंगीच्या पावलांनी.
मोजली: अर्धा मायक्रोअँपिअर.
डोळ्यांसमोर ज्योत, आणि बोर्ड म्हणतो, मला नाही दिसत,
गॅस तोडतो.
सळईवर पांढरी साय धरली होती.
स्टीलच्या काथ्यानं घासली, बसवली.
तीन पूर्णांक चार.
भट्टी पेटली, पेटलेली राहिली.
वर ओरिसियानं युक्रेनियनमध्ये देवाचं नाव घेतलं
आणि चहा टाकला.

इथेच निघता आलं असतं मला.

झाकण लावताना दिसली ती तार.
मगरीच्या जबड्याचे दोन चिमटे,
एकावर लाल रबर, दुसरा उघडा,
ज्वाळा बाहेर उसळली की तुटणाऱ्या स्विचला
वळसा घालून.
मघाशी त्यानंही शून्य दाखवलं होतं.
कसं देखणं, खोटं शून्य.

"वासिलनं लावली. गेल्या मार्चात.
सारखी बंद पडायची, मला खोकला होता.
दहा मिनिटांत घर ऊबदार केलं त्यानं."
थांबली.
"एप्रिलमध्ये गेला. हृदय, म्हणाले डॉक्टर."

मी काही विचारलं नाही.
तार काढली. स्विचचं बटण दाबलं.
ज्वाळा निळ्या, सरळ, शाळेतल्या मुलांसारख्या.
मग मोठा पंखा सुरू झाला
आणि त्या वाकल्या, पिवळ्या पडल्या,
जणू पत्र्यामागून कुणी फुंकर घातली.
चीर.
छातीवरचा मापक ओरडायला लागला.

कॉक आडवा केला. खिडकी उघडली.
लाल चिठ्ठी बांधली, सही केली,
थंडीनं पेन दोनदा अडला.
"म्हणजे होती तीच बरी होती?" ती म्हणाली.
रेज्याँनं याचं उत्तर शिकवलं नव्हतं.

व्हॅनमधून दोन विजेचे हीटर आणले,
एक स्वयंपाकघरात, एक निजायच्या खोलीत,
एकाच ब्रेकरवर दोन नको.
चहा गार झाला होता, तरी प्यायले.

तार कचऱ्यात टाकणार होते.
"राहू दे," ती म्हणाली, "त्याची आहे."
गुंडाळून तिच्या तळहातावर ठेवली.
चिमटे एकमेकांना चावून बसले होते.
वाट पूर्ण, आणि तिच्यातून काहीच वाहत नव्हतं.